एका शब्दाचा बदल



ट्रेंट रेझ्नर यांचे ‘हर्ट’ हे रॉकगीत १९९४ सालचे. व्यसनात सर्व गमावलेल्या माणसाचा तो विलाप. २००२ मध्ये ७० वर्षांच्या जॉनी कॅश यांनी ते गायिले. गोळ्यांच्या व्यसनात त्यांचाही पहिला संसार मोडला होता. मूळ गीतात त्या माणसाच्या डोक्यावर घाणीचा मुगूट आहे. कॅश यांनी तेथे काट्यांचा मुगूट ठेवला. दुःख तेच राहिले, नजर मात्र वधस्तंभाकडे वळली.

मला वाटते, नुसती अपराधाची टोचणी माणसाला स्वतःकडेच पाहत बसवते. पश्चात्ताप त्याला तारणाऱ्याकडे वळवतो. म्हणून व्यसनातून परतलेल्या भावाला जुना हिशेब विचारू नका. उपासनेला आपल्या शेजारी जागा द्या.