नागपूर जवळ आले; आपली सिद्धता काय?

(राळेगाव येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



‘तरुणांपुढील नवे उद्योग’ ह्या विषयावर चार शब्द सांगण्याची आज्ञा मंडळाच्या चालकांनी मला केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सारे आयुष्य प्राथमिक शाळेत घालविलेला माणूस. संगणकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. परंतु ज्या मुलांना मी बाराखडी शिकविली, त्यांपैकी काही आज पुण्या-बंगलोरला ह्याच धंद्यात आहेत आणि काही पदवी घेऊन घरीच बसून आहेत. ह्या दोहोंमधील अंतर कशाने पडले, याचा विचार करणे आपणांस प्राप्त आहे.

प्रथम हा धंदा काय, ते पाहू. परदेशातील बँका, विमा कंपन्या व रुग्णालये आपले हिशेब, पगारपत्रके, ग्राहकांच्या तक्रारी आणि संगणकाच्या आज्ञावली स्वतः न करता दुसऱ्याकडून करवून घेतात. अमेरिकेत रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस असतो. म्हणून तेथील मनुष्य झोपी जाताना काम सोपवितो व सकाळी ते तयार मिळते. शिवाय आपल्याकडे इंग्रजी जाणणारे पदवीधर विपुल आणि वेतनमान कमी. ह्या तीन गोष्टींवर हा डोलारा उभा आहे.

त्याचा इतिहासही फार जुना नव्हे. १९६८ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली. १९८१ मध्ये पुण्यात जन्मलेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगलोरला गेली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ह्या अमेरिकन कंपनीने बंगलोरात केंद्र उघडले आणि उपग्रहाच्या द्वारा तेथील काम परस्पर सातासमुद्रापार जाऊ लागले. १९९१ मध्ये केंद्र सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ही संस्था काढून ह्या निर्यातीस उत्तेजन दिले. तेव्हापासून बंगलोर, हैदराबाद, पुणे ही नगरे फुगत गेली. आज तेथे घरभाडे परवडत नाही, कामावर पोहोचण्यातच तास-दोन तास जातात, आणि माणसे वर्षा-दोन वर्षांत नोकरी बदलतात. म्हणून कंपन्यांची दृष्टी इंदूर, कोइमतूर, भुवनेश्वर आणि आपले नागपूर अशा दुसऱ्या फळीतील शहरांकडे वळली. मिहान प्रकल्पासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर पुष्कळ वर्षे तेथील बरेच भूखंड ओसाड होते, आणि खापरी, तेल्हारा, दहेगाव ह्या गावांच्या जमिनी मात्र गेल्या होत्या, हेही विसरता कामा नये. तथापि आज तेथे टी.सी.एस., इन्फोसिस आणि २०१८ पासून एच.सी.एल. ह्यांची केंद्रे चालू आहेत, व शहरात पर्सिस्टंटसारखी पुण्याची कंपनीही आहे.

बंधुहो, ही गोष्ट आपल्या भूमीला अगदीच नवी नाही. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये मुंबई सोडून नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली, ती वऱ्हाड-नागपूरचा कापूस हाताशी होता म्हणून. आज त्याच टाटांच्या नावाची दुसरी कंपनी नागपुरास आली आहे, ती येथील तरुण हाताशी आहेत म्हणून. तेव्हा कच्चा माल कापूस होता. आता कच्चा माल आपली मुले आहेत!

कच्च्या मालाची गत काय होते, हे कापूसकऱ्याला कोणी शिकवावयास नको. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध थांबले व भाव कोसळले. ज्याने दूरच्या एकाच गिऱ्हाइकावर भरवसा ठेवला, तो बुडाला. ह्या नव्या धंद्याचेही गिऱ्हाईक दूर आहे. २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची जी साधने सर्वांच्या हाती आली, ती पत्रांस उत्तर देणे, माहिती भरणे, सोप्या आज्ञावली लिहिणे ही कामे करू लागली आहेत. २०२५ मध्ये टी.सी.एस.ने सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. तेव्हा केवळ टंकलेखन व दोन इंग्रजी वाक्ये शिकून आयुष्यभराची भाकरी मिळेल, ह्या भ्रमात कोणी राहू नये. जो रुई विकतो त्यास रुईचाच भाव मिळतो. सूत काढील, कापड विणील, त्याचा निभाव लागेल. म्हणजे गणित, भाषा आणि एखाद्या विषयाचे खरे ज्ञान ज्याच्यापाशी आहे, तोच टिकेल.

मग आपण काय करावे? शिक्षणसंस्था दूर नाहीत. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे, यवतमाळचे जवाहरलाल दर्डा महाविद्यालय १९९६ पासून. वर्धा-कळंब रेल्वे २०२४ मध्ये सुरू झाली व आपल्या शेजारच्या तालुक्यात गाडी आली. पुण्याला गेलेला मुलगा दिवाळीला येतो. नागपूरचा मुलगा आई आजारी पडली तर त्याच रात्री येऊ शकतो. म्हाताऱ्या आईबापांच्या दृष्टीने हा भेद लहान नव्हे.

अडचण आहे ती आपल्या घरात. पहिली, मुलगी शिकली तरी ‘नागपुरात राहील कुठे?’ म्हणून आपण तिला थांबवितो. दुसरी, नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या दलालांवरील आंधळा विश्वास. आपल्याच तालुक्यातील एका कुटुंबाने बैलजोडी विकून अशा एका मध्यस्थास अनामत दिली. नोकरी मिळाली नाही आणि रक्कमही परत आली नाही. जी कंपनी खरी असते ती उमेदवाराकडून पैसे मागत नाही, एवढे सूत्र प्रत्येकाने गाठीस बांधावे.

शेवटी एक नम्र सूचना करतो. ती कित्येकांस रुचणार नाही, हे मी जाणतो. मंडळाच्या निधीतून मंगल कार्यालय बांधावे, असा विचार चालू आहे. कल्पना वाईट नाही. परंतु लग्ने आजवर मांडवात झाली, पुढेही होतील. त्याच निधीतून नागपुरास मुलींसाठी लहानसे वसतिगृह भाड्याच्या घरात का होईना सुरू करावे, आणि राळेगावी एक अभ्यासिका काढून तेथे इंग्रजी, गणित व संगणक ह्यांचे वर्ग चालवावे. आपली नोकरीत असलेली मुले रविवारी दूरध्वनीच्या पडद्यावरून शिकवावयास तयार होतील, अशी माझी खात्री आहे. रात्रपाळीच्या नोकरीत कंपनी घरापर्यंत वाहन देते किंवा नाही, याची चौकशी मंडळानेच करावी, म्हणजे पालकांस धीर येईल. आणि ह्या वसतिगृहाचे व अभ्यासिकेचे दार इतर समाजांच्या, विशेषतः आपल्या शेजारच्या कोलाम व गोंड वस्त्यांतील मुलांसही खुले असावे. आपल्यापुरताच दिवा लावणे आपल्यास शोभणार नाही.

कंपन्या येतील व जातील. शिकलेली माणसे मात्र आपलीच राहतील. मंगल कार्यालय आधी की वसतिगृह आधी, याचा निर्णय येत्या सर्वसाधारण सभेत व्हावयाचा आहे. तो करताना बाहेरगावी शिकावयास निघालेल्या आपल्या मुलींची आठवण ठेवावी, इतकीच माझी प्रार्थना आहे.