जाहिरातीची उसनवारी आणि प्रवाशाचा विश्वास

कापड घेणारा माणूस ते बोटांनी चाचपून पाहतो. धान्य घेणारा मूठभर दाणे तळहातावर घेऊन निरखतो. सहल विकत घेणाऱ्याला यापैकी काहीही करता येत नाही. तो पैसे आज भरतो आणि माल पाहतो तो महिन्या-दोन महिन्यांनी, तोही घरापासून शेकडो मैलांवर. खोली अस्वच्छ निघाली, गाडी मोडकी निघाली, तरी तेथून मागे फिरणे त्याला शक्य नसते. म्हणूनच पर्यटनाच्या व्यवसायात जाहिरातीला एक वेगळेच महत्त्व आहे. अन्य धंद्यांत जाहिरात ही मालाची वर्दी असते. येथे पैसे देण्याच्या क्षणी ग्राहकासमोर जो काही माल असतो, तो म्हणजे ही जाहिरातच होय. आणि म्हणूनच एका संस्थेची जाहिरात दुसरीने उचलली, तर तो केवळ शब्दांचा वाद राहत नाही. ज्या विश्वासावर प्रवासी घराबाहेर पडतो, त्या विश्वासाच्या मालकीचा तो वाद ठरतो.

बंगळूर शहर या वादांचा विचार करण्यास फार सोयीचे आहे. बंगळूर, म्हैसूर, उटी हा महाराष्ट्रातील कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाचा मार्ग. कर्नाटक राज्याचे पर्यटन विकास महामंडळ १९७१ साली स्थापन झाले. परंतु खाजगी सहलसंस्थांची आणि बसमालकांची गर्दी मॅजेस्टिक, गांधीनगर, कलासिपाळ्य या भागांत पूर्वीपासून आहे. याच शहरात २००६ साली रेडबस ही बसची तिकिटे संगणकावरून विकणारी संस्था निघाली, आणि तिकीटघराच्या खिडकीपुढची रांग हळूहळू पडद्यावर आली. पूर्वी प्रतिस्पर्ध्याचे हस्तपत्रक नक्कल करावयाचे तर छापखाना गाठावा लागे, ठसे करावे लागत. आता मजकूर आणि चित्र दोन्ही क्षणार्धात उचलता येतात. प्रलोभन वाढले, श्रम उरले नाहीत. त्यामुळे तंट्यांचे स्वरूपही बदलले.

समजा, गांधीनगरातील एका लहान संस्थेने म्हैसूरच्या सहलीचे पत्रक तयार केले. रविवारी संध्याकाळी राजवाड्यावरील सुमारे एक लाख दिवे एकदम उजळतात, त्या क्षणाचे छायाचित्र तिने स्वखर्चाने काढविले, श्रीरंगपट्टणचे वर्णन जाणत्या माणसाकडून लिहवून घेतले, आणि काही वर्षे प्रामाणिकपणे सहली नेऊन नाव मिळविले. पुढच्याच हंगामात शेजारच्या संस्थेचे पत्रक निघाले: तेच छायाचित्र, तेच वर्णन, तोच कार्यक्रम आणि नावही कानाला जवळजवळ तेच. येथे अन्याय झाला, हे कोणीही सांगेल. परंतु न्यायालय या एका अन्यायाचे तुकडे करून पाहते, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा न्याय लावते.

याला कारण आहे. अनुचित स्पर्धेपासून संरक्षण देण्याचे बंधन घालणाऱ्या १८८३ च्या पॅरिस करारात भारत ७ डिसेंबर १९९८ रोजी सामील झाला. तथापि अनुचित स्पर्धा या नावाचा एकच सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. शब्द आणि चित्रे यांच्यासाठी १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदा आहे. नावे आणि चिन्हे यांच्यासाठी १९९९ चा व्यापारचिन्हांचा कायदा आहे. आणि आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविणाऱ्याला रोखणारे एक जुने न्यायतत्त्व आहे, जे न्यायालयांनी निकालांमागून निकाल देत घडविले. तक्रार घेऊन येणाऱ्याला आपला घाव कोणत्या कायद्याच्या कक्षेत बसतो, हे आधी ओळखावे लागते.

प्रथम शब्द आणि चित्रे. बंगळूर ही एके काळी शहाजीराजांची जहागीर होती, हे कोणत्याही संस्थेला आपल्या पत्रकात लिहिता येते. इतिहासावर कोणाची मालकी नसते. सकाळी श्रीरंगपट्टण आणि सायंकाळी म्हैसूर, हा क्रमही रस्त्यानेच ठरविलेला आहे. कल्पनेवर स्वामित्व नाही, ते कल्पनेच्या मांडणीवर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले. एका नाटकाची कल्पना चित्रपटात आली, एवढ्यावरून चोरी ठरत नाही, असा तो निर्णय होता. पुढे २००७ साली ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की केवळ श्रम पुरेसे नाहीत. मांडणीत कौशल्य आणि विवेक दिसला पाहिजे. म्हणून तारखा आणि अंतरे यांच्या कोष्टकाला फारसे संरक्षण मिळत नाही; जाणत्या माणसाने लिहिलेल्या वर्णनाला मिळते, आणि छायाचित्राला तर मिळतेच.

परंतु दुसऱ्याने तेथेच उभे राहून स्वतः छायाचित्र काढले तर? पर्यटकांसाठी स्मरणवस्तू विकणाऱ्या एका इंग्लिश संस्थेचा खटला या बाबतीत उद्बोधक आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावरून जाणारी लाल बस, आणि बाकी सारे दृश्य करड्या रंगात, असे तिचे चित्र होते. एका चहाविक्रेत्याने आपल्या डब्यांवर तशाच धर्तीचे, पण स्वतंत्रपणे तयार केलेले चित्र छापले. २०१२ साली न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. पूल सर्वांचा आहे, बसही सर्वांची आहे. परंतु कोणता रंग ठेवावा, कोणता पुसावा, आकाश कसे मोकळे सोडावे, ही निवड एकाची होती आणि दुसऱ्याने ती उचलली होती. या निकालावर बरीच टीका झाली, आणि ती निराधार नव्हती. अशी रेषा फार पुढे सरकली, तर उजळलेल्या राजवाड्याचे समोरून चित्र काढणारा प्रत्येक जण कुणाचा तरी देणेकरी ठरेल.

दुसरा तुकडा जाहिरातीच्या सूत्राचा. शब्द वेगळे, चित्र वेगळे, पण भाव तोच, ढंग तोच. अशी उसनवारी सर्वांत अधिक होते आणि सर्वांत कमी पकडली जाते. ऑस्ट्रेलियात लिंबाच्या एका पेयाची जाहिरात अशी होती की धाडसी पुरुष साहसाची कामे करून ते पितात, आणि जुन्या काळच्या मद्यगृहांतील सरबताची आठवण काढतात. प्रतिस्पर्ध्याने त्याच सुरात आपले पेय बाजारात आणले. तो तयार बाजारपेठेचा फायदा जाणूनबुजून घेत होता, हे खालच्या न्यायालयाला मान्य होते. तरीही १९८० साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दावा फेटाळलेला कायम ठेवला. जाहिरातीचे सूत्रही एखाद्या मालाशी इतके निगडित होऊ शकते की ते त्याच्या नावलौकिकाचा भाग बनावे, हे कौन्सिलने नाकारले नाही. परंतु ग्राहक फसला का, हा प्रश्न त्याने कायम ठेवला, आणि येथे ग्राहक फसला नव्हता. अनुकरण ही एक गोष्ट, आणि फसवणूक ही दुसरी.

तिसरा तुकडा नावाचा, आणि येथे बंगळूरचा वाटा मोठा आहे. सत्यम इन्फोवे या संस्थेने आपल्या नावातील अक्षरांवरून सिफी हा शब्द घडविला होता. सिफीनेट नावाच्या दुसऱ्या संस्थेने त्याच्याशी मिळतीजुळती संकेतस्थळांची नावे घेतली. बंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला, कर्नाटक उच्च न्यायालयाने तो उठविला, आणि मे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. संकेतस्थळाचे नाव हा नुसता पत्ता नसून ती व्यापारी ओळखही असते, आणि आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविण्याविरुद्धचे तत्त्व तिलाही लागू होते, हा या निर्णयाचा गाभा. ज्या व्यवसायाचे दुकान पडद्यावरच मांडलेले असते, त्या पर्यटनाला हा आधार मोलाचा ठरला.

मात्र हा आधार घडविलेल्या शब्दाला मिळतो, सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दाला नव्हे. यात्रा हे नाव घेऊन व्यवसाय करणाऱ्या एका मोठ्या संस्थेने बुकमाययात्रा या नावाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम देण्यास नकार दिला. पंढरीच्या वाटेवर शतकानुशतके उच्चारल्या गेलेल्या शब्दावर एकट्याची मक्तेदारी कशी असावी? गावच्या विहिरीवर आपल्या नावाची पाटी लावणाऱ्याला दुसऱ्याच्या घागरी अडविता येत नाहीत.

याहून सूक्ष्म प्रश्न शोधयंत्राने निर्माण केला. प्रवासी मेकमायट्रिप हे नाव टंकित करतो, आणि उत्तरात बुकिंगडॉटकॉमचीही जाहिरात त्याच्यासमोर येते. कारण ते नाव दाखविले गेले की आपली जाहिरात दिसावी, यासाठी पैसे मोजण्याची सोय गूगल देते. २०१७ पासून रेडबस ज्या समूहात आहे, तोच हा मेकमायट्रिपचा समूह. एप्रिल २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी असा वापर तात्पुरता रोखला. डिसेंबर २०२३ मध्ये खंडपीठाने तो आदेश रद्द केला, आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. बुकिंगडॉटकॉम स्वतःच नामांकित आहे, तिची जाहिरात पाहणारा ती दुसऱ्या कोणाची समजणार नाही, असा विचार त्यामागे होता. पडद्याआडचा नावाचा वापर स्वतःहून दोषास्पद नाही. गोंधळ झाला, किंवा दुसऱ्याच्या नावलौकिकाचा गैरवाजवी लाभ घेतला गेला, तर तो दोषास्पद ठरतो.

या सर्व निकालांतून एक सूत्र दिसते. नक्कल कोणी केली, एवढ्यावर न्यायालय थांबत नाही. नकलेमुळे वाट कोणाची चुकली, हे ते विचारते. स्वतंत्र मांडणीची चोरी मात्र याला अपवाद. तेथे वाट न चुकताही दाद मिळते. हे सूत्र बड्यांच्याच सोयीचे आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः दोन नामांकित संस्थांमध्ये प्रवाशाचा गोंधळ क्वचित होतो. दोन लहान संस्थांमध्ये तो सहज होतो. म्हणून हे सूत्र लहानाच्याच अधिक उपयोगी पडावयास हवे. ते पडत नाही याचे कारण पुरावा. आपले नाव आधीचे आहे आणि लोकांत रुजलेले आहे, हे सिद्ध करावे लागते. आणि लहान व्यावसायिक नेमकी जुनी पत्रके, पावत्या, छायाचित्रकाराशी झालेला लेखी ठराव, प्रवाशांची पत्रे हे सारे रद्दीत टाकतो. शिवाय धंदा हंगामी. मेच्या सुटीतील सहलींबद्दलचा हुकूम पावसाळ्यात हाती आला, तर त्याचे मोल किती राहणार? तात्पुरता मनाई हुकूम हेच अशा दाव्यात बहुधा खरे शस्त्र असते, आणि ते जो विलंब न करता, कागद हाती घेऊन येतो, त्यालाच मिळते.

न्यायालयाबाहेरही एक मार्ग आहे. जाहिरात व्यवसायाने १९८५ साली स्वतःच्या नियमनासाठी जी परिषद स्थापन केली, तिच्या आचारसंहितेत न्यायालयीन तत्त्वाहून कडक असा एक नियम आहे: दुसऱ्याच्या आधीच्या जाहिरातीशी मांडणी, मजकूर, घोषवाक्य, दृश्य किंवा संगीत यांत इतके साम्य नसावे की वाङ्मयचौर्याची शंका यावी. येथे ग्राहक फसल्याचा पुरावा मागितलेला नाही. कायदा फसवणूक थांबवितो; व्यवसायाची सभ्यता त्याआधीच्या पायरीवर थांबते. परिषदेच्या सांगण्याला न्यायालयीन हुकुमाचे बळ नाही हे खरे. परंतु ज्या धंद्याचे भांडवलच विश्वास आहे, त्या धंद्यात समव्यावसायिकांचा ठपका हलका नसतो.

डोंगर, धबधबे, राजवाडे आणि इतिहास सर्वांचे आहेत. त्यांची स्तुती करण्याचा अधिकारही सर्वांचा आहे, आणि तो कोणत्याही निकालाने आकसता कामा नये. परंतु अमुक संस्थेबरोबर गेलो तर म्हातारी आई सुखरूप परत येईल, हा भरवसा मात्र त्या संस्थेने एकेका सहलीत, एकेका प्रवाशाची काळजी वाहून मिळविलेला असतो. तो पत्रकावर छापलेला असला तरी पत्रकात निर्माण झालेला नसतो. म्हणून पत्रकाची नक्कल करणाऱ्याला तो फार दिवस वापरता येत नाही. पण तेवढ्या अवधीत तो कमावणाऱ्याचा धंदा आणि भाबड्या प्रवाशाचे पैसे, दोन्ही बुडू शकतात. कायद्याने पहारा ठेवावयाचा तो याच अवधीवर.