दयेचा अर्ज आणि बंद फाइल



9 एप्रिल 1993 रोजी पालार येथे वीरप्पनच्या टोळीने पेरलेल्या भूसुरुंगांनी 22 माणसांचा बळी घेतला. या खटल्यात म्हैसूरच्या टाडा न्यायालयाने 2001 मध्ये चौघांना जन्मठेप दिली. ते अपिलात गेले, तेव्हा 2004 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन ती शिक्षा वाढवून फाशीची केली. त्यांचा दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळला तो 2013 च्या फेब्रुवारीत. तेव्हा हे कैदी बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात होते.

पालारला ज्यांची माणसे गेली त्यांचे दुःख कोणीही हलके लेखू नये. प्रश्न निराळा आहे. नऊ वर्षे गृहखात्यात अर्जावर जे शेरे पडतात, ते अर्जदाराला दाखविण्याची पद्धत नाही. ज्या आरोपाला उत्तर द्यायचे तोच वाचावयास मिळत नसेल, तर अर्ज लिहावा तरी कसा?

संविधानाच्या 74 व्या कलमानुसार मंत्र्यांनी राष्ट्रपतींना दिलेला सल्ला न्यायालयाला तपासता येत नाही, ही सरकारची ढाल. परंतु सल्ला वेगळा आणि तो ज्यावर आधारला ती कागदपत्रे वेगळी, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच दिला आहे. आणि तोही कर्नाटकाच्याच बोम्मई प्रकरणात!

फाइल बंद राहिली की काय घडते, हे आसामातील एका कैद्याच्या प्रकरणात दिसले. फाशी रद्द करावी असे मत राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी 2005 मध्ये नोंदविले होते. पुढील राष्ट्रपतींसमोर गृहखात्याने जे टिपण ठेवले, त्यात त्याचा उल्लेखही नव्हता. न्यायालयाने फाइल पाहिली म्हणून हे उघड झाले आणि 2013 मध्ये त्याची फाशी टळली.

21 जानेवारी 2014 रोजी म्हैसूर खटल्यातील चौघांसह पंधरा जणांची फाशी, मुख्यतः विलंबामुळे, जन्मठेपेत बदलली. फाशीचे बहुसंख्य कैदी अत्यंत गरीब असतात व त्यांच्यापाशी निकालपत्राची प्रतही नसते, हे न्यायालयानेच नमूद केले. असे कागद तुरुंगाने आठवड्याच्या आत द्यावेत, असा आदेश झाला. म्हणजे कोर्टाचे कागद मिळाले. गृहखात्याचे शेरे नाहीत.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर 472 व्या कलमात लिहून टाकले आहे की, राष्ट्रपतींचा निर्णय कसा झाला याची चौकशी कोणत्याही न्यायालयात होणार नाही. त्याच कलमाने कैद्याला अर्जासाठी तीस दिवस दिले आहेत. राष्ट्रपतींच्या निर्णयाला मात्र मुदत नाही.