हेड उतरवण्याआधी नोझलची स्लीव्ह पाहा

(जिल्हा बैठकीत शेतकरी व ऊसवाहतूकदारांपुढे केलेले भाषण)



सकाळपासून उसाच्या भावावर बोलणे झाले. आता थोडा वेळ आम्ही एका तांब्याच्या नळीवर बोलणार आहोत. हसू नका. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच उसाच्या बिलातून कापला जातो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. भर हंगामात ट्रक आठवडाभर गॅरेजात उभा राहिला की मालकाच्या फेऱ्या बुडतात आणि इकडे फडात तोडून टाकलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखर उतरते. ट्रक कोणाचाही असो, नुकसानीत आपला वाटा ठरलेलाच.

आमचे शिक्षण शेतकी कॉलेजातले, गॅरेजातले नाही. पण रोग ओळखायची शिस्त दोन्हीकडे एकच. चुनखडीच्या रानात ऊस पिवळा पडला की लोक युरियाचे पोते फोडतात. तिथे कमतरता असते लोहाची; युरिया वाया जातो आणि पिवळेपणा तसाच राहतो. ट्रकच्या बाबतीतही हेच चालते. रेडिएटर पाणी फेकू लागला की मिस्त्री लांबूनच सांगतो, ‘हेडचे पाकिंग गेले.’ हेड उतरते, पाकिंग बदलते, हजारोंचे बिल होते आणि पंधरा दिवसांनी रेडिएटर पुन्हा पाणी फेकतो. मग रेडिएटर बदला, वॉटर पंप बदला. खरा दोष कित्येकदा नोझलच्या स्लीव्हमध्ये असतो आणि तिकडे कोणी बॅटरी मारून पाहिलेलेच नसते.

ही स्लीव्ह म्हणजे काय? इंजेक्टर, ज्याला आपण नोझल म्हणतो, तो हेडमध्ये उभा बसतो. त्याच्या भोवतीने हेडच्या पोकळीतून पाणी फिरते. काही इंजिनांत नोझल आणि पाणी यांच्यामध्ये तांब्याची पातळ नळी असते, तीच स्लीव्ह. तांबे घेतले कारण ते उष्णता चटकन ओढते. नोझलच्या टोकाची आग पाण्यात सोडते. वरच्या बाजूला रबराची ओ-रिंग पाणी अडवते. खाली मात्र रबर टिकणार नाही, तिथे तांबे हेडच्या लोखंडावर दाबून, फुलवून बसवलेले असते. ही खालची बैठक एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला सिलिंडरमधला जाळ सांभाळते.

आधी आपल्या इंजिनात स्लीव्ह आहे का ते विचारा. लेलँडच्या हिनो इंजिनांत ती असते. व्होल्व्होच्या डी-१२, डी-१३ मध्येही असते. टाटाच्या कित्येक ट्रकांत आलेल्या कमिन्स ६-बीटी इंजिनात ती नाही. तिथे नोझल थेट हेडमध्ये तांब्याच्या वायसरवर बसतो. ज्याच्या इंजिनात स्लीव्हच नाही त्याला स्लीव्हचे बिल लावले गेले, तर ते त्याला ओळखता आले पाहिजे.

वायसर की स्लीव्ह?

हा फरक नीट ध्यानात घ्या, कारण इथेच खिशाला कात्री लागते. नोझलखालचा वायसर गेला तर जाळ नोझलच्या कडेने वर येतो. फस्‌ फस्‌ असा आवाज येतो, नोझलभोवती डांबरासारखी काळी राप जमते. पण रेडिएटरात काही दिसत नाही. हे काम स्वस्तातले. स्लीव्हची खालची बैठक गेली तर जाळाचा वायू पाण्यात शिरतो. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून चालू करा. बुडबुडे थांबतच नसतील, किंवा झाकण लावून चालू केल्यावर पाणी तापायच्या आतच वरचा पाइप टणक होत असेल, तर वायू पाण्यात येतो आहे. गरम इंजिनाचे झाकण कोणी उघडू नये, तोंड भाजते.

बुडबुडे पाकिंग गेल्यानेही येतात आणि हेड तडकल्यानेही. म्हणून पुढची पायरी. सगळे नोझल काढायचे, रेडिएटरला हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यायचा, काही तास तसाच ठेवायचा आणि प्रत्येक भोकात बॅटरी मारून पाहायचे. स्लीव्हच्या भिंतीवर किंवा तळाच्या कडेला पाण्याचा थेंब दिसला तर चोर सापडला. भिंत कोरडी आणि पाणी पिस्टनवरच असेल, तर मात्र हेड उतरवावे लागेल. मग ते स्लीव्हसकट गरम पाण्याच्या टाकीत बुडवून, हवेचा दाब देऊन तपासायचे. ही तपासणी झाल्याशिवाय पाकिंगचे पैसे देऊ नका.

आणखी एक सावधगिरी, आणि ही सगळ्यात महागाची आहे. रात्री उभ्या ट्रकमध्ये गळक्या स्लीव्हमधून पाणी सिलिंडरात उतरते. सकाळी स्टार्टर मारला की इंजिन अडते. पाणी दबत नाही! ड्रायव्हर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारतो किंवा ट्रक ढकलतो, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अडले की थांबा, नोझल काढा, इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या.

साफसफाई हेच खरे काम

नोझल काढण्याआधी भोवतालची माती धुऊन, हवा मारून काढा. उघड्या पाइपांना टोप्या घाला. अडकलेला नोझल पहारीने उचकटू नका, ओढायचे हत्यार लावा. जुना वायसर पुष्कळदा तळाशी चिकटून राहतो. तो न काढता वर दुसरा घातला की नोझल आत कमी उतरतो, फवारा बिघडतो, धूर वाढतो आणि डिझेल जास्त जाते. वायसर लाल करून पाण्यात टाकला की मऊ होतो हे खरे. पण इतक्या स्वस्त वस्तूसाठी जुन्यावर भरवसा ठेवायला आम्ही सांगणार नाही.

स्लीव्ह शाबूत असेल तर आतला कार्बन काढायचा. रीमरला किंवा ब्रशला ग्रीस माखा म्हणजे कीस त्यालाच चिकटेल, सिलिंडरात पडणार नाही. तांब्यावर छिन्नी चालवायची नाही; एक ओरखडा पडला तर तिथूनच जाळ वाट काढतो. शेवटी नोझल न घालता इंजिन फिरवून राहिलेला कण उडवून लावायचा. डोळे बाजूला ठेवून.

स्लीव्ह बदलायची असेल तर आधी हेडच्या पातळीखालपर्यंत पाणी सोडून द्या, नाहीतर नळी सुटताच ते सिलिंडरात जाईल. नळीत टॅपने आटे पाडून बोल्टने ती वर ओढतात. काही इंजिनांत हे हेड जागेवर ठेवून होते, काहींत हेड उतरवावे लागते. मग हेडमधले भोक दिसते, आणि बोअरच्या जड पाण्याने काय केले तेही दिसते: क्षाराचा थर, गंज, खड्डे. हे सगळे लखलखीत धातू दिसेपर्यंत साफ करायचे. घाईत मिस्त्री इथेच चुकतो. घाणीवर सीलंटचा जाड थर चोपडतो आणि वर नवी नळी ठोकतो. सीलंट घाणीला चिकटतो, लोखंडाला नाही. खालच्या बैठकीवर खड्डे असतील तर कटरने ती सरळ करावी लागते. कंपनीने सांगितला असेल तरच सीलंट, तोही कोरड्या, तेल नसलेल्या धातूवर, आणि सुकायला सांगितलेला वेळ देऊन.

ओ-रिंगही पाहून घ्या. पाण्यासाठीच्या काही रबरांना तेल-डिझेल लागले की ती फुगतात, म्हणून प्रत्येक रिंगेला इंजिन ऑइल चोपडू नये. नळी ठोकून नव्हे, तिच्या हत्याराने बसवायची आणि खालचे टोक फुलवायचे. नंतर नोझल किती बाहेर डोकावतो ते पुस्तकातल्या मापाशी जुळवायचे, नोझल घालण्याआधी पुन्हा दाब देऊन पाहायचे आणि क्लँप टॉर्क पान्याने आवळायचा. अंदाजाने आवळला तर वाकतो किंवा सैल राहतो. पाणी चेंबरमध्ये उतरले असेल, तेल दुधाळ दिसत असेल, तर तेल व फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका. आणि पुढे साधे बोअरचे पाणी न भरता कूलंट घाला. नाहीतर हीच नळी पुन्हा सडणार.

चालू नोझलचा फवारा हाताने तपासायचा नाही. तो कातडी फोडून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक मोठ्या दवाखान्यात जायचे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत दाब आणखी फार मोठा असतो, शिवाय नव्या नोझलचा कोड संगणकावर भरावा लागतो. ते काम झाडाखाली होत नाही.

गॅरेजवाल्यांशी आमचे भांडण नाही. चांगला मिस्त्री आपल्याला हवाच आहे, आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका; भोक साफ करायला त्याला एक दिवस जास्त लागला तर त्याचे पैसे द्या. पण जुनी स्लीव्ह, जुना वायसर, जुने पाकिंग परत मागून घ्या आणि बिल लेखी घ्या. काढलेल्या नळीवर गळतीचा काळा माग दिसतो.

मंडपाबाहेर टेबलावर एक जुने हेड ठेवले आहे. त्यातल्या दोन स्लीव्ह काढलेल्या आहेत, एक तशीच आहे. जेवणानंतर ड्रायव्हर मंडळींनी आधी यावे, मालकांनी मागून. बॅटरी ज्याची त्याने आणावी, आमच्याकडे एकच आहे.