नोकरीच्या दारावरची पाळत



नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या तरुणाची केवळ गुणपत्रिका पाहून आज अनेक मालकांचे समाधान होत नाही. त्याने फेसबुकवर काय लिहिले, कोणत्या मोर्चाचे छायाचित्र टाकले, हेही पाहिले जाते. त्यासाठी पडताळणीचा धंदा करणाऱ्या कंपन्या आहेत. नकार मिळालेल्या उमेदवाराला कारण मात्र बहुधा कळतच नाही.

मालकवर्गाची ही भूक जुनी आहे. ब्रिटनमध्ये ‘कन्सल्टिंग असोसिएशन’ ही संस्था बांधकाम कामगारांची गुप्त काळी यादी बाळगून होती. २००९ साली माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने छापा घातला तेव्हा ३,२१३ जणांच्या नोंदी सापडल्या. सुरक्षिततेविषयी तक्रार केली, संघटनेचे काम केले, एवढ्यावरून कित्येकांची रोजी बुडाली होती. चाळीसहून अधिक कंपन्या पैसे भरून ती यादी वापरीत. त्या यादीसाठी निदान खबरे तरी लागत. आता फोन उघडला की पुरते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. परंतु तो हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध चालतो. मालकाविरुद्ध वेगळा कायदा हवा होता. तो २०२३ साली झाला, आणि त्यातच मालकासाठी दोन दारे ठेवली गेली. व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली माहिती कलम ३ अन्वये कायद्याच्या कक्षेबाहेरच आहे. कलम ७ अन्वये नोकरीच्या प्रयोजनांसाठी, तसेच मालकाला नुकसानीपासून वाचविण्यासाठी, संमतीवाचून माहिती वापरता येते. संप हेही मालकाच्या लेखी नुकसानच! शिवाय बेकाराच्या संमतीला किंमत ती काय? भाकरी समोर ठेवून घेतलेली सही स्वेच्छेची नव्हे.

अमेरिकेत मेरीलँड राज्यातील तुरुंग खात्याने मुलाखतीत फेसबुकचा पासवर्ड मागितला, त्याचा बभ्रा झाला, आणि २०१२ साली त्या राज्याने अशा मागणीवर बंदी घातली. देशातील तो पहिला कायदा होता. ओरड झाली म्हणून तो झाला.

येथील अडचण अशी की अर्जदार अद्याप फाटकाबाहेर असतो, कोणत्याही संघटनेचा सभासद नसतो. तेव्हा कामावर असलेल्यांनीच त्याच्यासाठी मागणीपत्रकात कलमे घातली पाहिजेत: पडताळणीत काय पाहिले ते उमेदवारास लेखी कळवावे, राजकीय मत व संघटनेचे सभासदत्व तपासू नये, पासवर्ड मागू नये. पुढच्या करारापूर्वी प्रत्येक कामगार संघटनेत यावर चर्चा व्हावयास हवी.