उच्च शिक्षणाची सूत्रे आणि आपले कर्तव्य
(अमडापूर येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत मुलामुलींचा सत्कार आताच पार पडला. हारतुरे झाले, आता त्यांच्या पुढील वाटेचा विचार आपण थोरांनी करावयाचा आहे.

ही वाट सरकार आखते. तिची सूत्रे तीन : परवानगी, पैसा आणि पदवीचे नियम. यांतील एक जरी हलले, तरी त्याचा परिणाम आपल्या ओसरीपर्यंत पोचतो.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि वऱ्हाडातील महाविद्यालये दीर्घकाळ त्याच्याकडे पाहत राहिली. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ निघाले व बुलढाणा जिल्हा त्याच्या कक्षेत आला. त्याच वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खाजगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्याची मुभा दिली आणि शेगावी संत गजानन महाराजांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले. दार जवळ आले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु अनुदान नाही म्हणजे तिजोरीवरचा भार बापाच्या खांद्यावर आला, हेही तितकेच खरे. म्हणूनच पुढे २०१५ साली प्रवेश व शुल्क यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा करावा लागला.

२०२४ साली सरकारने आणखी एक पाऊल टाकले. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल व मागास घटकांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ झाले. तथापि शुल्क माफ झाले म्हणून खोलीचे भाडे व खानावळ माफ होत नाही, आणि दाखला वेळेवर नसेल तर माफीही हाती येत नाही. आपल्यातील एका कन्येचा उत्पन्नाचा दाखला मुदतीनंतर मिळाला व हातची जागा गेली. त्या घरची खिन्नता आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. कचेरीला दोष देणे सोपे. पण अर्ज उशिरा गेला होता आणि आठवण करून देणारे आपणांपैकी कोणीच नव्हते.

तिसरे सूत्र नव्या धोरणाचे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने पदवीस टप्पे पाडले : एका वर्षास प्रमाणपत्र, दोहोंस पदविका, तिहींस पदवी, चौथ्यास विशेष पदवी. अडचणीत सापडलेल्याचे वर्ष फुकट जाऊ नये व त्यास पुन्हा परतता यावे, हा हेतू स्तुत्य होय. परंतु आम्हांस भीती वाटते ती आपलीच. “प्रमाणपत्र मिळाले, आता स्थळ पाहू” असे म्हणून आपण मुलीस पहिल्याच दारातून बाहेर काढू, तर दोष धोरणाचा नव्हे. ते दार परत येण्यासाठीही आहे.

यास्तव आमची नम्र सूचना अशी की, शिष्यवृत्ती निधीचा निम्मा भाग बाहेरगावी शिकणाऱ्या मुलींच्या निवासासाठी राखावा. आणि बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच घरोघरचे दाखले तपासणारी दोन माणसे प्रत्येक गावी नेमावी. सरकारने सूत्रे कशीही हलविली, तरी मुलीची पेटी भरून तिला गाडीत बसविणारे हात घरचेच असतात.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.