गवंड्याची विद्या



देशी ज्ञान आणि शिक्षण यांवर बोलावे, अशी आपली आज्ञा झाली. माझी शाळा लौकर सुटली. जे शिकलो ते परांचीवर आणि रात्री दिव्याखाली. म्हणून ग्रंथातले न सांगता भिंतीतले सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. गणपती बोळवून माणसे निजली होती. चारच्या सुमारास किल्लारीची भूमी हादरली आणि आठ हजारांच्या आसपास जीव गेले. मी तेव्हा विशीत होतो. ढिगारे उपसणाऱ्यांत होतो. तेव्हापासून जो तो म्हणू लागला, दगडमातीचे घर वाईट. हे अर्धे खरे आहे.

वाडवडिलांनी माळवद उगाच घातले नाही. जाड माती वैशाखाचे ऊन अडविते. पण गळू नये म्हणून दरसाल मृगापूर्वी पांढऱ्या मातीचा नवा थर चढे, आणि जुना क्वचितच उतरे. ओझे वाढत गेले. उन्हापावसाचा अनुभव दरवर्षी येई. अशा भूकंपाचा कोणाच्याच गाठी नव्हता. अनुभवाची विद्या अनुभवाच्या शिवेवर थांबते. तेथून पुढे शास्त्राने हात धरावा लागतो.

आता दुसरे अर्धे. पुष्कळ घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, कोसळल्या त्या भिंती. भिंत दोन तोंडांची, मध्ये गोट्यामातीची भर; दोन्ही तोंडांना आरपार धरणारा लांब दगडच नव्हता. भूकंपानंतर उरलेली घरे बळकट करताना तज्ज्ञांनी हाच आरपार सांधा घालायला शिकविले. आमच्या जुन्या मिस्त्र्यांना तो ठाऊक होता. मग तो सुटला का?

लांब दगड निवडायला वेळ लागतो, आणि गुत्तेदार मोजतो ती भिंतीची लांबी-उंची. माझ्या उमेदवारीत असा दगड शोधीत बसलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्र्याची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली. दुसऱ्या दिवसापासून त्याने शोधणे सोडले. विद्या अशी मरते. ती अडाण्यांमुळे बुडत नाही, तिचे मोल न देणाऱ्यांमुळे बुडते.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात शेतीचे ज्ञान मागितले. १९३७ साली गांधीजींनी वर्ध्यास हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. आपण दोघांच्या तसबिरी लावल्या आणि हात मात्र वर्गाबाहेर ठेवले.

माझे मागणे लहान आहे. आपली मुले सहलीला होट्टलची देवळे पाहतात, राजांची नावे पाठ करतात. एकदा सोबत एखादा मिस्त्री न्या. दगड दगडाला कसा धरतो, हे तो दाखवील. शेजारी इंजिनिअर असू द्या. मिस्त्र्याचे चुकेल तेथे त्याने सांगावे, त्याचे चुकेल तेथे मिस्त्र्याने. आणि त्या दिवसाचे मानधन दोघांना सारखे द्या. आदराची भाषणे पुष्कळ झाली. आदर हजेरीपटावर दिसला पाहिजे.